चारी चाकांची हजेरी

गाडी निघायच्या आधी आमच्याकडे हजेरी व्हायची. माणसांची नाही, चाकांची.

"पुढचं डावं?"

"बत्तीस."

"बत्तीस. पुढचं उजवं?"

"बत्तीस, काका. सगळी बत्तीस आहेत, चला ना आता."

"सगळी असं नसते बोलायचं. एकेक बोल."

मी पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवरच्या डबीतले हवेचे आकडे वाचायचे. काका बाहेर उभे राहून त्या त्या चाकाला बुटाची ठोकर मारायचे आणि माझाच आकडा मला परत ऐकवायचे. चार चाकं झाली की मग आत बसणार, आरसा नीट करणार, घड्याळ बघणार, एक लांब हॉर्न देणार. तोवर तिकडे माझ्या साहेबांनी माझ्या नावानं खडे फोडायला सुरुवात केलेली असायची. कितीदा वाटलं, मरू दे ती फुकटची लिफ्ट, उद्यापासून बसनं जाईन. पण बस तरी कुठली? माझं ऑफिस नव्या रायपुरात, आणि ही नवी राजधानी तिकडे माळावर नेऊन बसवली होती. रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि त्या रस्त्यांवर बस मात्र कधीतरी दिसायची. म्हणून मी मुकाट्यानं आकडे वाचायचे.

काका म्हणजे माझे घरमालक. शंकर नगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला होता. जन्मभर त्यांनी मालगाडी चालवली, कोळशाची आणि लोखंडाची. रिटायर झाले, इंजिन सुटलं, पण त्यांच्यातला ड्रायव्हर काही सुटला नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा ते मला ऑफिसात सोडायचे. का, तर गाडीचं इंजिन बसून खराब होते म्हणे. खरं कारण तो रस्ता होता. "पाह्य बाई," ते म्हणायचे, "समोर कोणी नाही, आडवं कोणी नाही. असा रस्ता रुळावरच भेटते."

त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आलेले. काकू मात्र इथल्याच, ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातल्या. त्यांचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यापासून इथं. कधी शब्दाला शब्द लागला की काकू शेवटचा बाण काढायच्या. "तुम्ही रेल्वेनं आले. आम्ही घोड्यावरून आलो." त्यावर काका पेपर उघडायचे.

गाडी फाटकातून मागे काढायची असली की काका गार्डाशिवाय हलत नसत. गार्ड काकू. कंबरेचं हाड मोडल्यापासून काकूंना फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून वऱ्हांड्यात त्यांची खुर्ची होती आणि खुर्चीच्या हातावर दोन ब्लाउज पीस, एक हिरवा, एक लाल. "अवो, झेंडी!" अशी हाक आली की काकू रस्ता बघून हिरवा हलवायच्या, की गाडी मागे. एकदा झालं काय, कोणीतरी सवाष्ण अचानक आली आणि काकूंनी तोच हिरवा तिच्या ओटीत घालून टाकला. सकाळी काका गाडी सुरू करून बसले, झेंडी काही हलेना. मी सांगितलं, काका, रस्ता रिकामा आहे, मी बघते आहे ना. "तू पॅसेंजर आहे," म्हणाले. शेवटी काकूंनी निवडायला घेतलेली मेथीची जुडी हलवली तेव्हा गाडी निघाली.

त्यांच्या शेजारी बसलेल्यालाही काम असे. रेल्वेत ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलतात. एक म्हणतो हिरवा, दुसरा परत म्हणतो हिरवा. दोघांनी बोलल्याशिवाय तो सिग्नल खरा नाही. ही पद्धत काकांनी रस्त्यावर आणली. चौक आला की मी हात वर करून ओरडायचं, "हिरवा!" ते म्हणणार, "हिरवा." खिडक्या उघड्या असल्या की बाजूचे स्कूटरवाले माझ्याकडे असे बघत की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण खोटं कशाला बोलू, मला त्याची सवय झाली. माहेरी गेले तेव्हा बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी "लाल!" ओरडले होते आणि बाबा पडता पडता वाचले.

आता त्या डबीची गोष्ट. ती घरात आली हैदराबादहून, त्यांच्या मुलाकडून. मुलगा तिकडे मोठ्या नोकरीत. एकदा काका-काकू डोंगरगडहून येत असताना मागच्या चाकातली हवा गेली आणि काकांना ते कळलंच नाही. चाकाची रिम वाकली, टायरच्या चिंध्या झाल्या, गाडी भलतीकडे ओढली गेली आणि नशिबानं कडेच्या मुरमात जाऊन थांबली. मुलाला हे कळलं तसा तो विमानानं आला आणि गाडी विकायची भाषा बोलू लागला. गाडी विका, घर भाड्यानं द्या, हैदराबादला चला.

काकांपेक्षा काकू जास्त घाबरल्या. त्यांना रिक्षात चढता येत नसे. ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं माहेर, भावाचं घर, लहानपणापासूनच्या मैत्रिणी, शुक्रवारचं भजन. ते सगळं त्या गाडीच्या मागच्या सीटवरच्या उशीवर अवलंबून होतं. मला म्हणाल्या, "पोरी, हैदराबादले माझ्यासाठी काय आहे? अकराव्या मजल्यावरची खिडकी. इथं गाडी आहे म्हणून मी माणसात आहे."

तेव्हा मुलानं एक तोड काढली. चारी चाकांच्या हवा भरायच्या नळीवर चार टोप्या बसवल्या, अंगठ्याएवढ्या. प्रत्येक टोपीत सेन्सर, आणि वर ती कुठल्या चाकाची ते लिहिलेला बारीक गोल कागद. चाकात किती हवा आहे ते टोपी सांगणार, डॅशबोर्डवरची डबी ते दाखवणार, हवा कमी-जास्त झाली की डबी ओरडणार. जाताना त्यानं बजावलं, "बाबा, ये बजे तो रुकना है. और एक बार कुछ हुआ, तो गाड़ी गई." या मुलाला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची.

दुसरा कोणी असता तर त्यानं डबीकडे दुर्लक्ष केलं असतं. काकांना मात्र तो सिग्नल वाटला, आणि सिग्नलपुढे त्यांचं डोकं आपोआप खाली जायचं. रायपूरच्या मे महिन्यात टायर तापायचे, आत हवा फुगायची, डबी ओरडायची. काका गाडी कडेला घेऊन उभे. थंडीत सकाळी हवा आकसायची, डबी पुन्हा ओरडायची, काका पुन्हा उभे. उतरून चाक दाबून बघणार, ठोकर मारणार, डबी गप्प होईपर्यंत वाट बघणार. नव्या रायपुरातल्या त्या मोकळ्या रस्त्यावर, जिथं सावलीला झाड नाही, मी कितीदा पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले असेन.

"काका, उन्हानं होतं हो ते. टायर चांगला आहे."

"असेल."

"मग चला ना."

"सिग्नल काहून लाल आहे ते ड्रायव्हरनं नाही ठरवायचं. ड्रायव्हरनं थांबायचं."

बाजारात गाडी लावली की टोप्या चोरीला जातील या भीतीनं ते चारही टोप्या काढून शर्टाच्या खिशात टाकत आणि भाजी घ्यायला जात. इकडे टोप्या निघाल्या म्हणून डबीच्या हिशेबानं चारी टायर फुटलेले. ती बोंबलत सुटायची आणि मागे काकू कानांवर हात ठेवून बसलेल्या. लोक काचेतून डोकावून विचारायचे, "माताजी, क्या हुआ?" काकू म्हणायच्या, "कुछ नहीं भैया, भाजी लेने गए हैं."

मग दसरा आला. खंडेनवमीला त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असे. पाटावर काकांचा जुना हातदिवा, नट आवळायचे पाने, स्क्रू पिळायचा पेचकस, काकूंची विळी, कात्री, आणि माझा लॅपटॉपसुद्धा. त्या वर्षी काकांनी चारी टोप्या काढून आणल्या आणि तांदळाच्या राशीवर मांडल्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, पळीभर पाणी. मी म्हटलं, काका, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, पाणी नका घालू. "देवाच्या पाण्यानं काही होत नाही," म्हणाले, आणि खरंच काही झालं नाही. टोप्या वाजत्या-गाजत्या होत्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या परत चाकांवर बसवल्या आणि गाडीला झेंडूची माळ घातली.

आणि त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते काय सांगू, बाप्पा.

डबी म्हणाली, पुढच्या डाव्यात हवा कमी. काका कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. तो आपल्या मीटरनं मोजून म्हणाला, "दादाजी, हवा तो बराबर है." काका म्हणाले, भर. त्यानं भरली. आता डबी म्हणू लागली, मागच्या डाव्यात हवा जास्त. काकांनी मागच्या डाव्यातली सोडायला लावली, तर पुढचं उजवं कमी झालं. उजवं भरलं की मागचं फुगायचं, मागचं सोडलं की भलतंच कुठलं तरी बसायचं, आणि ते पहिलं पुढचं डावं काही केल्या बत्तिसावर येईना. पंक्चरवाल्यानं शेवटी हात जोडले. "दादाजी, मशीन फेंक दो."

काका घरी आले आणि न जेवता बसून राहिले. काकूंनी भाकरी पुढे ठेवली, ती तशीच. मी वरून खाली आले तर वऱ्हांड्यात नुसते समोर बघत बसलेले. असा उतरलेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

"सिग्नल खोटं बोलून राहिला," मला म्हणाले. "जन्मभर मी त्याच्या भरोशावर गाडी नेली. आता तो खोटं बोलते, तर मी कोणाकडे पाहू?"

मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. मी म्हटलं, चला, बघू या तरी. मी डबीसमोर बसले आणि ओरडले, "पुढच्या डाव्याची टोपी काढा!" त्यांनी काढली. आत शून्य झालं ते मागच्या डाव्याचं. "आता मागच्या उजव्याची!" इकडे शून्य झालं पुढच्या डाव्याचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टोप्यांची अदलाबदल झाली होती. मागच्या उजव्या चाकावरची टोपी डबीला पुढच्या डाव्याच्या नावानं खबर देत होती.

"पण त्यावर कागद होते ना चिकटवलेले? कोणती कुठली ते लिहिलेले?"

वऱ्हांड्यातून काकूंचा आवाज आला, "बारकुले गोल कागद? ते तर कुंकवानं घाण झाले होते. मी काढून टाकले. चिंच लावून घासल्या टोप्या, पाहा ना कशा चकाकून राहिल्या."

काका पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अवो, तुम्ही रुळाचे सांधे बदलले," म्हणाले, "आणि मी भलत्याच रुळावर गाडी नेऊन राहिलो."

मागच्या उजव्यात खरंच खिळा होता. इतके दिवस त्यातून हवा जात होती आणि काका दुसऱ्याच चाकात भरत होते. पंक्चरवाल्यानं खिळा काढला. माझ्या नेलपॉलिशनं आम्ही टोप्यांवर ठिपके दिले, एक, दोन, तीन, चार, आणि प्रत्येक चाकाच्या वर बारीकसे तसेच ठिपके. काकूंनी माझा हात धरला. "हैदराबादले यातलं काही सांगू नको." मी म्हटलं, माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. पण त्याच संध्याकाळी काकांनी स्वतः फोन लावला आणि मुलाला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, खिळ्यासकट.

काकू अशा संतापल्या की मी जिन्यातूनच परत वर गेले. "कोणी विचारलं होतं तुम्हाले? कोणी विचारलं होतं?"

"ड्रायव्हरले विचारावं लागत नाही. सांगावं लागते."

मुलगा म्हणाला, दिवाळीला येतो. तुमच्या शेजारी बसून बघतो, मग ठरवू.

मला त्या दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. भाऊबीजेला काकूंना ब्राह्मणपाऱ्यात भावाकडे जायचं होतं आणि त्यांनी मलाही बरोबर घेतलं. "तुझा भाऊ लांब आहे, माझ्याच भावाले ओवाळ." मुलगा पुढे काकांच्या शेजारी, मी आणि काकू मागे. हजेरी मुलानंच घेतली, बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस. काकूंनी मांडीवर ओवाळणीचं ताट धरलं होतं, पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. मुलाचे डोळे डबीवर, माझे डबीवर, काकूंचे डबीवर. एखादा आकडा बत्तीसचा तेहतीस झाला की काकूंची बोटं ताटावर आवळायची. सणाची गर्दी होती, काका सावकाश, नीट चालवत होते. डबी सबंध वाटेत एकदाही वाजली नाही. गल्लीच्या तोंडाशी देवळाजवळ त्यांनी गाडी लावली, इतकी सुरेख की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मुलगा हसला. "बाबा, फर्स्ट क्लास. कोई दिक्कत नहीं. गाड़ी रहने दो." काकूंनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं नाही सांगत.

काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुलाच्या हातात ठेवली.

"मागच्या मोठ्या चौकात लाल होता," म्हणाले. "मी ओलांडला."

कोणाला काही कळेना. मुलगा म्हणाला, "कब? मैंने तो नहीं देखा."

"मीही नाही पाहिला. पुढं आल्यावर आरशात पाहिलं, तर सगळ्या गाड्या मागं थांबून होत्या. आपण तेवढे आलो."

"अरे बाबा, कुछ हुआ तो नहीं ना? यहाँ सब तोड़ते हैं."

"सगळे तोडत असतील." आवाज चढला नव्हता. "मी जाणून तोडला असता तर गोष्ट वेगळी. मले दिसलाच नाही तो. डोळा होता त्या डबीवर. आमच्यात लाल ओलांडला की ड्रायव्हरले तिथंच इंजिनवरून उतरवते. कोणी मेलं की नाही ते मग पाहते."

मागे बसून मी एकही सिग्नल बोलले नव्हते, पण त्यांनी त्याबद्दल माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलानं पुष्कळ समजावलं. जो गाडी विकायला आला होता, तोच आता गाडी चालवा म्हणून गयावया करत होता. काका मान हलवत राहिले. मग मागे वळले आणि काकूंना म्हणाले, "तुमचं येणं-जाणं मी बंद केलं."

काकूंनी ताट माझ्या मांडीवर ठेवलं. "बंद कशाले होते? गाडी राहील. दुसरा कोणी चालवील, पगारी माणूस ठेवू." मुलाकडे बघून म्हणाल्या, "हैदराबादचं नाव आता काढायचं नाही. ऐकलं?" त्यानं मान डोलावली. मग काठी टेकत त्या भावाच्या दारात गेल्या, भावाला ओवाळलं, हसल्या, चिरोटे खाल्ले. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. कोणी काही विचारलं तर हव, हव करत होते. परक्याच्या घरी बसावं तसे, किल्ली नसलेले हात गुडघ्यांवर ठेवून.

परतताना मुलगा गाडी चालवायला बसला. त्याच्या शेजारी मी. काका सवयीनं पुढच्या दाराकडे गेले, थांबले, आणि मागून काकूंच्या शेजारी येऊन बसले. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. गल्लीतून गाडी बाहेर निघाली. चौक आला, मी "लाल" म्हटलं, मुलगा थांबला. मागून तो "लाल" परत आला नाही.

गाडी पुन्हा सुटली तसा काकूंचा आवाज आला, अगदी हळू, मला ऐकू जावा असा नव्हताच तो.

"गाडीत बसली की तुमची मान तेवढी दिसे मले, मागून. तुम्ही इंजिनवर, मी घरी. मग गाडी आली, तर तुम्ही पुढं, मी मागं. आज पहिल्यांदा शेजारी बसले."

काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी मान वळवली नाही. मग काकूंनी मुलाला हाक मारली.

"हळू ने रे. घाई नाही."